विना-पब्लिक फुटबॉल : वर्षभर वापरून झाल्यावरचा अभिप्राय

पाचपैकी अडीच स्टार. पॅकिंग झकास, डिलिव्हरी घरपोच, फक्त मुख्य पार्ट खोक्यात नाही. अडीचमधला अर्धा स्टार मुंबई सिटीच्या एकट्या बिपिन सिंगच्या गोलचा आहे, तो सोडला तर दोनच.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. धंदा फ्लेक्स प्रिंटिंगचा. त्यामुळे फुटबॉलशी माझा दुहेरी व्यवहार. शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून घसा बसेपर्यंत ओरडणारा मी, आणि वर्ल्ड कप आला की मेस्सी-नेमारचे वीस फुटी कटआउट पेठेपेठेला छापून देणारा पण मीच. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं दोन्ही एका दमात बंद झालं. केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम होता तिथं थांबला, गेटला कुलूप लागलं, मशीनवर चादर पडली. आज जून २०२१ चा शेवटचा आठवडा. मधल्या काळात जो काही फुटबॉल बघितला तो सगळा पडद्यावरचा, आणि परवा-परवापर्यंत बहुतेक रिकाम्या स्टेडियममधला. दुकानावर येणारी कॉलेजची पोरं विचारतात, "दादा, घरात पंख्याखाली बसून एवढं एचडीत दिसतंय, मग उन्हात पायरीवर बसायला कशाला पायजे?" प्रश्न वाईट नाही. उत्तर लांब आहे.

पहिला नमुना जर्मनीहून आला. १६ मे २०२०, डॉर्टमुंड विरुद्ध शाल्क. दोन महिने मोठा फुटबॉल कुठंच नव्हता. युरोपात बेलारूसची लीग तेवढी चालू, म्हणून आम्ही तीसुद्धा बघायला लागलो होतो; एकाही खेळाडूचं नाव माहीत नसताना एक संघ धरून ओरडायचं, इतकी वेळ आली होती. डॉर्टमुंडची दक्षिणेकडची गॅलरी म्हणजे जवळपास २५ हजार माणसं उभ्यानं मॅच बघणारी, पिवळी भिंतच म्हणतात तिला. त्या संध्याकाळी तिथं नुसतं सिमेंट होतं. हालांडनं पहिला गोल मारला, सगळे एकमेकांपासून अंतर राखून नाचले, डॉर्टमुंडनं ४-० नं मॅच मारली. मॅच संपल्यावर खेळाडू नेहमीसारखे त्या गॅलरीसमोर गेले आणि रिकाम्या पायऱ्यांना हात उंचावून सलामी दिली. मला हसू आलं. बायको म्हणाली, "हसताय काय? सवय असती माणसाला."

खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे हा प्रकार मला आवडला. गर्दीचा आवाज गेल्यावर बाकीचे आवाज वर आले. बॉलवर बूट बसल्याचा ठोका, गोलीची शिवी, रेफ्रीनं दिलेली समज. बायर्नचा थॉमस म्युलर मैदानावर अखंड बोलत असतो म्हणून त्याला 'रेडिओ म्युलर' म्हणतात, हे नुसतं वाचलं होतं. आता तो रेडिओ घरात लागला. पुढं आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये तर अकरापैकी सात संघांचे कोच स्पॅनिश. साइडलाइनवरून नव्वद मिनिटं स्पॅनिशमध्ये आरडाओरडा आणि मैदानावरची पोरं मिझोरामची, मणिपूरची, केरळची, गोव्याची. कुणाला किती कळत होतं देव जाणे, पण धावत सगळी बरोबर होती. खेळ शिकणाऱ्या पोरांना मी या मॅचेस मुद्दाम बघायला सांगेन. बॅकला मागून कोण काय सांगतो, कधी सांगतो, हे भरल्या स्टेडियमच्या पहिल्या पायरीवर बसलं तरी ऐकू येत नाही. यासाठी एक पूर्ण स्टार.

मग मालकांना ती शांतता सोसेना.

जर्मनीतल्याच मोंशनग्लाडबाखच्या क्लबनं १९ युरोला एक कटआउट अशी योजना काढली. चाहत्यानं आपला फोटो पाठवायचा, तो छापून गॅलरीत खुर्चीवर उभा करायचा. हा माझा धंद्याचा विषय, म्हणून टीव्ही थांबवून थांबवून बघितलं. छपाई चोख, कडा साफ कापलेल्या. १९ युरो म्हणजे तेव्हाचे दीड हजाराच्या वर. आपल्याकडं सनबोर्डवर कमरेपर्यंतचा माणूस कापून द्यायला एवढे सांगितले तर गिऱ्हाईक पायरी उतरून जाईल. पण हजारो लोकांनी पैसे भरून आपापले कटआउट लावले. लांबून बघायला गॅलरी भरली. फक्त सगळे हसतमुख. पेनल्टी हुकली तरी हसतमुख, आपल्यावर गोल चढला तरी हसतमुख. फोटो पाठवताना रडका कोण पाठवणार? आमची गॅलरी छापायची झाली तर निदान चार पोझ लागतील. एक कपाळावर हात मारलेला, एक रेफ्रीकडं बोट केलेला, एक शेजाऱ्याच्या खांद्यावर चढलेला आणि एक मॅचकडं पाठ करून शेंगांचे सुट्टे पैसे मोजणारा.

दक्षिण कोरियात एफसी सोलनं तर गॅलरीत बाहुल्या बसवल्या आणि त्या भलत्याच दुकानातल्या निघाल्या. जगभर शोभा झाली, क्लबला दहा कोटी वॉन दंड बसला. त्यावर जास्त लिहीत नाही, हे घरातली पोरंपण वाचतात.

नंतर आला वरून सोडलेला आवाज. इंग्लंडची प्रीमियर लीग १७ जून २०२० ला पुन्हा सुरू झाली तेव्हा व्हिडिओ गेमवाल्या ईए स्पोर्ट्सकडचा गर्दीच्या आवाजाचा साठा वापरायला घेतला. कुठंतरी एक माणूस बटणांसमोर बसतो. कॉर्नर मिळाला की हा आवाज, बॉल बारला लागला की तो. स्पेननं त्याच्या पुढं जाऊन गॅलरीवर संगणकातले प्रेक्षक चिकटवले. कॅमेरा लांब असला की पायऱ्यांवर रंगीत गर्दी, जवळ गेला की सगळे गायब.

आवाज तसा खराच. माणसांचाच, कधीतरी कुठल्यातरी स्टेडियममधून उचललेला. बटणवालाही कामात तरबेज असणार. तरी पाच-दहा मिनिटांत कानाला खटकायला लागायचं, आणि काय खटकतंय ते बरेच दिवस सापडत नव्हतं. मग लक्षात आलं. बटणवाला आधी बघतो, मग दाबतो. पब्लिक आधी ओळखतं.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी या आमच्या पेठांतल्या दोन संघांची मॅच आहे असं धरा. ऊन तोंडावर, डोक्याला रुमाल, पायऱ्या कधीच्या गच्च. बॉल मध्यावर घोटाळतोय, विशेष काही चाललेलं नाही, लोक शेंगा सोलतायत. तेवढ्यात डाव्या बाजूचा पोरगा लाइनीला चिकटून पहिलं पाऊल उचलतो. पास अजून निघालेला नाही. पण त्याच्या बरोबर समोर, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसलेल्यांना त्याचा खांदा वळलेला दिसतो, आणि तिथनं एक बारीक "एऽऽ" निघतो. शेजारचे मान वर करतात, बघतात, उठतात. मागच्यांना दिसेना म्हणून ते उठतात. "एऽऽ" चढत चढत पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जातो, हलगीवाला मध्येच ठेका मोडून नुसताच बडवायला लागतो, आणि पास सुटायच्या आत अर्धं स्टेडियम उभं असतं. आता गंमत पुढं आहे. तो आवाज समोरच्या बॅकलाही ऐकू येतो. आपल्या पाठीमागं काहीतरी शिजतंय एवढं त्याला कळतं, तो वळून बघतो, आणि वळण्यात एक पाऊल हुकतो. ते पाऊल गॅलरीनं मिळवून दिलं. बटणवाल्याला हे कसं जमावं? तो खांदा त्याला दिसतच नाही. कॅमेरा दाखवेल तेवढंच तो बघणार, आणि कॅमेरा तर बॉलच्या मागं.

हे फक्त पायरीवरच्या माणसाचं पुराण नाही, हिशेबातही उतरलंय. प्रीमियर लीगचा २०२०-२१ चा मोसम जवळजवळ सगळा रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. डिसेंबरात काही ठिकाणी दोन हजार माणसं घेतली आणि अगदी शेवटी दहा हजारांपर्यंत, बास. त्या मोसमात घरच्या मैदानावरचे विजय १४४ आणि पाहुण्या संघांचे १५३. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये पाहुणे पुढं गेले असं त्याआधी एकाही मोसमात झालं नव्हतं. लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगमध्ये सलग ६८ मॅच हरलं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीनं त्यांना तिथं १-० नं हरवलं आणि ती धरून त्यांनी घरी ओळीनं सहा मॅच घालवल्या. त्यांचे बॅक जायबंदी होते हे मान्य. पण अ‍ॅनफील्डचं त्यांचं मैदान भरलेलं असतं तर सहाच्या सहा गेल्या असत्या का? मला नाही वाटत. आणि रेफ्री? भरल्या गॅलरीसमोर पाहुण्याला कार्ड दाखवायला हात जरा लवकर वर जातो, हे कुठल्याही पेठेतलं पोरगं सांगेल. आमच्याकडं तर रेफ्रीला त्याच्या शाळेपासून आजोळापर्यंत सगळी माहिती पायरीवरून ऐकवली जाते.

आता गोव्याची आयएसएल. तीच मी सगळ्यात जास्त बघितली, त्यामुळे तिच्यावर जरा थांबतो. २० नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली. अकरा संघ, सगळे गोव्यातच हॉटेलात बंद, आणि मैदानं तीन : मडगावचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. यजमान कोण, पाहुणा कोण, हे फक्त स्कोअरबोर्डापुरतं. मैदानाकडेला मोठे पडदे लावून त्यांवर घरी बसलेले चाहते दाखवायचे. हात हलवणारी माणसं, मागं कुणाचं कपाट, कुणाची खिडकी. कल्पनेला मार्क देतो. पण दहा चौकटींत दहा माणसं ओरडली तरी ती दहाच माणसं राहतात, गॅलरी होत नाही.

जमशेदपूरच्या मॅच मी वगळायचो नाही, कारण आपला अनिकेत जाधव त्यांच्याकडून खेळत होता. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला कोल्हापूरचा पोरगा. तो मैदानात उतरला की इकडं आमच्या वाड्यात दोन-तीन घरांतून शिट्टी. त्याला तिकडं काय, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या.

सगळ्यात जास्त चुकचुकलो ते २७ नोव्हेंबरला. एटीके मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी (एकाच शहरातल्या दोन संघांची मॅच), आणि ती वास्कोत, रिकाम्या टिळक मैदानावर. या दोन संघांच्या १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३१ हजार माणूस होता. बायचुंग भुतियानं तीन गोल मारलेली ती मॅच. इथं बागानच्या रॉय कृष्णानं गोल मारला, मनवीरनं दुसरा मारला, २-० झालं, कॉमेंटरीवाले जिवाच्या आकांतानं ओरडत होते. बरं, त्याच्या दोनच दिवस आधी मॅराडोना गेलेला. कोलकात्यात २००८ साली तो आला होता तेव्हा शहर रस्त्यावर उतरलेलं, आणि आता त्याच्या नावानं एकत्र रडायला त्यांना स्टेडियम नाही. कोल्हापुरात अर्जेंटिनावाल्यांनी चौकाचौकांत फोटो लावून फुलं वाहिली. त्यातले काही फोटो मीच छापून दिले, पैसे घेतले नाहीत. मी स्वतः ब्राझीलवाला.

फायनल १३ मार्च २०२१, फातोर्डा. मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. इथं सेवेतला सर्वांत मोठा दोष सांगतो. मी पैसे भरून ज्या अ‍ॅपवर बघत होतो त्याचं चित्र शेजारच्या केबलपेक्षा अर्धा मिनिट मागं. शेजारी काका राहतात, एकेकाळी तालमीकडून हाफला खेळलेले, त्यांच्याकडं केबल. भिंत एकच. विल्यम्सनं बागानला पुढं नेलं, बागानच्याच तिरीनं डोक्यानं मागं ढकललेला बॉल त्याच्याच जाळ्यात गेला, १-१. दोन्ही वेळा मला काकांनी आधी कळवलं. नव्वदावं मिनिट आलं. मी एक्स्ट्रा टाइम धरून चहा टाकायला उठणार, माझ्या मोबाइलवर बॉल अजून मागंच फिरतोय, आणि भिंतीपलीकडून काका ओरडले, "बसलाऽऽ! बसला रं बसला!" मग मी उभ्या उभ्या बघितलं. लांब बॉल आला, बागानचा गोली अरिंदम गोल सोडून पुढं आला, त्याला तो आवरला नाही, मुंबईच्या ओग्बेचेनं काढून घेतला, बिपिनकडं दिला, बिपिननं जाळ्यात घातला. मुंबई २-१. साखळीत पहिलं आल्याची लीग शील्डही त्यांची, कपही त्यांचा. मुंबईची टीम पहिल्यांदा आयएसएल जिंकली आणि मला ती बातमी काकांच्या घशातून मिळाली. चिडायला पाहिजे होतं. पण खरं सांगू? नोव्हेंबरपासून जेवढा आवाज त्या स्पीकरमधून ऐकला, त्यात अंगावर काटा आणला तो काकांच्या एका ओरडण्यानं. मी भिंतीवर दोन बुक्क्या मारल्या, त्यांनी तिकडून दोन मारल्या. वरचा अर्धा स्टार इथला.

त्याच मॅचमध्ये पहिल्या हाफच्या शेवटी अमेय राणावडे टक्कर होऊन पडला. मुंबईचा पोरगा, राइट बॅक. मैदानात अ‍ॅम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली. भरल्या स्टेडियममधून खेळाडूला असं नेताना दोन्ही बाजूचे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, ही साधी रीत आहे. फातोर्ड्यात ती पाळायला माणूस नव्हता. हे मला त्या दिवशी नीट जाणवलं नव्हतं, या महिन्यात जाणवलं. सांगतो पुढं.

गोवेकरांचं मला सगळ्यात वाईट वाटतं. अख्खी लीग त्यांच्या अंगणात आणि त्यांनाच आत मज्जाव. वर एप्रिलमध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात उतरलं, एवढ्या वर पोचलेला पहिला भारतीय क्लब. मॅचेस फातोर्ड्यातच. पहिल्या मॅचला कतारचा अल रय्यान, त्यांचा कोच लॉरां ब्लां, फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकलेला. गोव्याचा गोली धीरज सिंगनं गोल अडवून धरला, ०-० सुटली. मडगावच्या माणसानं आयुष्यभर नातवंडांना सांगितली असती अशी संध्याकाळ, आणि तो मडगावातच टीव्हीसमोर.

आता मूळ परीक्षा. कुठलाही माल तपासायचा तर दुसरा शेजारी ठेवून बघावा, आणि या जूनमध्ये देवानंच तशी सोय केली. इकडं युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा सुरू झाली, प्रेक्षकांसकट. तिकडं ब्राझीलमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या देशांची कोपा अमेरिका, प्रेक्षकांविना. १५ जूनला एकाच तारखेत दोन्ही बघायला मिळाले.

पहाटे अडीचला रिओत अर्जेंटिना विरुद्ध चिली. आधी मॅराडोनाला मानवंदना म्हणून मैदानावर प्रकाशाचा मोठा खेळ केला, मॅराडोना मैदानात उभा राहून बॉल खेळवतोय असं दाखवलं. केवढा खर्च, केवढी करामत, आणि गॅलरीत चिटपाखरू नाही. मग मेस्सीची ती फ्री-किक. भिंतीवरून वळली, वरच्या कोपऱ्यात गेली. असा गोल रिओत अर्जेंटिनावाल्यानं मारला तर एरवी काय झालं असतं? यजमानांच्या शिव्या, पाहुण्यांचा नाच, तिसऱ्या कोपऱ्यात चिलीवाल्यांचं डोक्याला हात लावणं. इथं सोबतचे खेळाडू आले, मिठ्या मारल्या, खेळ पुढं चालू. गोल पहिल्या दर्जाचा. मी ब्राझीलवाला असून मान्य करतो. पण तो मी रिप्लेला बघितला तेव्हा आणि प्रत्यक्ष बघितला तेव्हा काहीच फरक वाटला नाही, हीच तक्रार आहे.

रात्री साडेनऊला बुडापेस्ट. हंगेरी विरुद्ध पोर्तुगाल, पुश्काश अरेना भरलेलं, पन्नास हजारांच्या वर माणूस, मास्कबिस्क काही नाही. टीव्ही लावला आणि राष्ट्रगीतालाच माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आवाज कमी करा, काका उठतील." काका जागेच होते. रोनाल्डोच्या पायाला बॉल लागला की शिट्ट्या. ऐंशीव्या मिनिटाला श्यॉननं बॉल जाळ्यात घातला आणि ते स्टेडियम जे उसळलं! मग दिसलं की झेंडा वर आहे, ऑफसाइड. तो उसळलेला आवाज खाली यायला दोन सेकंद लागली. वरनं खाली, एका बाजूनं दुसरीकडं, बातमी पसरावी तसा तो विझत गेला. ते दोन सेकंद जगातलं कुठलंही बटण वाजवू शकणार नाही. चार मिनिटांनी पोर्तुगालचा गोल बसला आणि शेवटी ३-० झालं. चार दिवसांनी तिथंच फिओलानं फ्रान्सवर गोल मारला तेव्हा तो धावत जाऊन साइडलाइनला बसलेल्या पत्रकार बाईंच्या टेबलावरच आदळला, कागद उडाले. वर्षभर सगळे एकमेकांच्या कोपराला कोपर लावत होते!

आणि त्याच्या आधी, १२ जूनला, कोपनहेगन. फिनलंडविरुद्ध खेळता खेळता डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिकसन हृदय थांबून कोसळला. काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, परत सांगत नाही. खेळाडूंनी त्याच्याभोवती पाठमोरं कडं केलं. त्याला बाहेर नेल्यावर बराच वेळ काहीच कळत नव्हतं. घरातल्या माणसाला टीव्ही बंद करता येत होता, तिथल्यांना जाता येत नव्हतं. मग फिनलंडचे, म्हणजे समोरच्या संघाचे लोक ओरडायला लागले, "क्रिस्तियान!" आणि डेन्मार्कचे लोक उत्तर द्यायला लागले, "एरिकसन!" अर्धं नाव यांचं, अर्धं नाव त्यांचं. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. मला तेव्हा फातोर्ड्यातली ती अ‍ॅम्ब्युलन्स आठवली आणि अमेयला त्या संध्याकाळी काय मिळालं नाही ते कळलं.

तर पोरांनो, पायजे ते हे. नुसता आवाजच हवा असेल तर स्पीकर आहे की.

जे अजिबात आठवत नाही तेही लिहितो, नाहीतर अभिप्राय एकतर्फी होईल. हुल्लडबाजी आठवत नाही. आमच्याकडं दोन पेठांची मॅच म्हणजे बंदोबस्त, कधी दगड, कधी लाठी, कधी मॅचच थांबलेली. स्टेडियमवरची मुतारी आठवत नाही. समोरचा उभा राहिला म्हणून न दिसलेले गोल आठवत नाहीत, म्हणजे कसे आठवणार, बघितलेच नव्हते; टीव्हीवर निदान प्रत्येक गोल चार बाजूंनी दिसतो. आणि शिव्यांमुळे मुलीला मी कधी पायरीवर नेलं नव्हतं. या वर्षात ती माझ्या शेजारी बसून ऑफसाइड शिकली, आता माझ्या आधी सांगते. उरलेला एक स्टार तिच्यामुळं. आता तिला स्टेडियमवर यायचंय आणि मला आधी आजूबाजूच्या पायऱ्यांवरच्या मंडळींना तोंड आवरायला सांगावं लागणार आहे, जे अशक्य आहे.

त्या पायऱ्यांवरचं एक माणूस मात्र फार आठवतं. माझ्या पुढं दोन पायऱ्या सोडून एक आजोबा बसायचे. पांढरी टोपी, कापडी पिशवी, पिशवीत छत्री बारा महिने. आमचं बोलणं म्हणजे, "आज काय?" "बघू की." एवढंच, वर्षानुवर्षं. नाव विचारलं नाही, पेठ विचारली नाही, नंबर तर लांबच. गेल्या वर्षी आणि या एप्रिल-मे मध्ये पेठेत किती जण गेले, रोज श्रद्धांजलीचे बोर्ड छापायला यायचे. प्रत्येक फोटो उघडताना मी आधी टोपी आहे का बघायचो. घरी बसून बघण्याच्या सेवेत ही माहिती मिळायची सोय नाही. गेट उघडल्यावरच कळेल.

घ्यावं का? घ्या, दुसरा इलाज नाही, जिल्हा अजून निर्बंधांत आहे आणि आमचं दुकानही त्यातच अडकलंय. आवाजाचा पर्याय बंद करता येत असेल तर बंदच करून बघा, खेळ जास्त कळतो. अ‍ॅपपेक्षा केबल बरी. आणि प्रेक्षक असलेली मॅच मिळत असेल तर झोप मोडून बघा. युरोच्या उपांत्य सामन्यांना आणि फायनलला लंडनच्या वेम्ब्लीत साठ हजारांवर माणूस सोडणार आहेत. उपांत्य सामने आपल्याकडं ६ आणि ७ जुलैच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला. काकांना मी आत्ताच सांगून ठेवलंय की गोल झाला तर अर्धा मिनिट दम काढा. ते म्हणाले, "जमणार नाही, तूच इकडं ये की."